स्वतःच्या सर्व्हरवर फेडिव्हर्सला जोडलेला ब्लॉग : राइटफ्रीली, वर्डप्रेस, घोस्ट की सरळ ह्यूगो?

शाईपुसणी

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं एका फुकट ब्लॉगसेवेवर लिहितेय, ३४० च्या आसपास पोस्टी झाल्यात, त्यातल्या निम्म्या आता माझ्याच्यानेच वाचवत नाहीत तो भाग वेगळा. तर मागच्या महिन्यात त्यांची मेल आली, दुकान बंद करतोय, तुमचं काय असेल ते उचला. एक्सपोर्ट म्हणून एक भलीमोठी एक्सएमएल फाइल मिळाली, त्यात पोस्टी आहेत, प्रतिक्रिया आहेत, पण फोटो नुसते लिंक म्हणून आहेत, म्हणजे त्यांचा सर्व्हर बंद झाला की फोटोही गेले.

आता ठरवलंय की परत कुणाच्या ओसरीवर पथारी टाकायची नाही. १ जीबी रॅमचा छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतलाय. डोमेन अजून घेतलेलं नाही. लिनक्स म्हणाल तर एसएसएचने आत शिरता येतं, एनजिनएक्स (वेबसर्व्हर) एकदा लावलाय तोही इकडून तिकडून कॉपी-पेस्ट करून, आणि का चालला ते मला आजही माहीत नाही.

हवंय काय तर मॅस्टोडॉनवरच्या (ट्विटरसारखं, पण अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं; अशा एकमेकांशी बोलणाऱ्या सर्व्हरांचं जाळं म्हणजे फेडिव्हर्स) लोकांना माझा ब्लॉग थेट फॉलो करता यावा, त्यांनी तिकडे दिलेलं उत्तर जमलं तर इकडे प्रतिक्रिया म्हणून दिसावं, जुन्या पोस्टी आणता याव्यात, आणि महिन्याला तासभरापेक्षा जास्त वेळ झाडलोट करण्यात जाऊ नये. राइटफ्रीली बघितलं, दिसायला एकदम स्वच्छ आहे, प्रेमातच पडले. प्लूमही बघितलं. वर्डप्रेस म्हणजे घोड्याला हत्तीचा अंबारीसकट साज असं वाटतं, घोस्ट आवडलं पण जड वाटतंय, आणि एक मित्र सारखा ह्यूगो ह्यूगो करतोय. जाणकारांनी कृपया सांगा, आणि शक्यतो जे स्वतः चालवलंय त्याबद्दल सांगा, तुलनेचे तक्ते मी भरपूर वाचलेत.

टेकू

प्लूम आधी यादीतून काढा. रस्टमध्ये लिहिलंय, कल्पना छान होती, पण सांभाळणाऱ्यांनीच तिथे लिहून ठेवलंय की आम्हाला आता वेळ होत नाही, चालू स्थितीतलं काही हवं असेल तर राइटफ्रीली नाहीतर वर्डप्रेस बघा. इतका प्रामाणिकपणा दुर्मिळ, त्याचा मान ठेवावा.

मी वर्डप्रेस आणि त्यावर ॲक्टिव्हिटीपबचं (फेडिव्हर्समधले सर्व्हर ज्या भाषेत बोलतात ती) प्लगइन असं चालवते. अंबारी वगैरे ठीक आहे पण तुमच्या चारही मागण्या एका जागी पुऱ्या करणारं दुसरं काही मला तरी सापडलं नाही. मॅस्टोडॉनवर कुणी उत्तर दिलं की ते वर्डप्रेसच्या नेहमीच्या प्रतिक्रियांमध्ये येऊन बसतं, मंजूर करा नाहीतर उडवा. एक्सएमएल आयात करायची सोय आहे, आणि बहुतेक सेवांचा एक्सपोर्ट या ना त्या वाटेने वर्डप्रेसला समजतो कारण २००३ पासून सगळे याच्याकडेच येताहेत. प्लगइन आधी एकट्या माणसाचं होतं, २०२३ मध्ये वर्डप्रेस.कॉमवाल्या ऑटोमॅटिकने ते आपल्याकडे घेतलं आणि त्याच वर्षी १.० आलं.

आता डोकेदुख्या सांगते, कारण यातल्या प्रत्येकीवर माझी एकेक संध्याकाळ गेलीय. वर्डप्रेस उपफोल्डरमध्ये टाकू नका, डोमेनच्या मुळाशीच टाका, कारण मॅस्टोडॉन तुम्हाला शोधायला वेबफिंगरचा पत्ता डोमेनच्या मुळाशीच विचारतो आणि तिथे कुणी घरात नसलं की शोधात तुमचं नावच येत नाही. दुसरं म्हणजे कॅशिंग, म्हणजे तयार पान साठवून तेच पुन्हा देणं. एकाच पत्त्यावर ब्राउझरने विचारलं तर एचटीएमएल जातं आणि मॅस्टोडॉनने विचारलं तर जेसन (मशीनने वाचायचा मजकूर) जातं, आणि कॅशिंगच्या प्लगइनला हा फरक कळला नाही की एकाचं ताट दुसऱ्यापुढे जातं. माझ्या एका वाचकाला ब्लॉग उघडल्यावर नुसते कंस आणि अवतरणचिन्हं दिसत होती, त्याला वाटलं हॅक झाला. तिसरं, वर्डप्रेसचा क्रॉन (ठरल्या वेळी कामं उरकणारा) हा खरा क्रॉन नसतो, कुणी पान उघडलं तरच तो जागा होतो. ब्लॉगवर वर्दळ नसेल तर पोस्ट तुम्ही सकाळी टाकता आणि फॉलोअरांकडे ती दुपारी जाते. तो बंद करून सर्व्हरचा खरा क्रॉन लावायचा, दोन ओळींचं काम आहे.

ढगाळ

एक आगाऊ प्रश्न, फेडरेशन (म्हणजे ब्लॉग असा फेडिव्हर्सला जोडणं) खरंच हवंय का?

विकेंद्रित म्हटलं की हल्ली सगळे ॲक्टिव्हिटीपबच धरून बसतात. ते डब्ल्यूथ्रीसीचं (वेबची मानकं ठरवणारी संस्था) अधिकृत शिफारसपत्र झालं २०१८ मध्ये. आरएसएस (ब्लॉगच्या नव्या पोस्टींची फीड) १९९९ पासून आहे आणि त्याहून विकेंद्रित काय असणार, तुम्ही एक फाइल ठेवता, ज्याला वाचायचंय तो येऊन घेऊन जातो, तुमच्याकडे ना फॉलोअरांची यादी ना किल्ल्या ना रांगेत अडकलेले निरोप. २०१३ च्या जुलैत गूगल रीडर बंद झाला तेव्हा सगळ्यांनी आरएसएसचं तेरावं घातलं, पण फीड कुठे गेल्या नाहीत, लोकांनी दुसरा रीडर धरला आणि वाचत राहिले. म्हणजे वाचायचं दुकान बंद झालं तरी लिहिणाऱ्याला काही करावं लागलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मी ह्यूगो वापरतो. पोस्ट म्हणजे मार्कडाउनची साधी टेक्स्ट फाइल, गिटमध्ये ठेवलेली. ह्यूगो त्याची एचटीएमएल पानं करून देतो आणि ती कुठल्याही सर्व्हरवर टाकली की झालं. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे फोडायलाही काही नाही. सर्व्हर मेला तर दुसऱ्यावर कॉपी करा, पंधरा मिनिटं. आणि मॅस्टोडॉनवर तुमची लिंक कुणी जास्त फॉलोअरवाल्याने टाकली ना, की ज्या ज्या सर्व्हरवर ती पोस्ट पोचते तो प्रत्येक सर्व्हर लिंकची चौकट बनवायला तुमच्या दारात येतो, सगळे एका मिनिटात. १ जीबीवरचं वर्डप्रेस तेव्हा गुडघे टेकतं. स्टॅटिक पानांना काही फरक पडत नाही.

प्रतिक्रियांना आयसो लावा, पायथनमध्ये आहे, एसक्यूलाइटवर (एकाच फाइलीतला डेटाबेस) चालतं, छोटंसं आहे. आणि मॅस्टोडॉनवाल्यांना थेट फॉलो करायचंच असेल तर ब्रिजी फेड नावाचा पूल आहे, तो साध्या साइटलाही फेडिव्हर्समध्ये उभी करतो. अर्थात पूल दुसऱ्याचा आहे हे मान्य.

टेकू

@ढगाळ, बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत), पण फोनवरून एका ओळीतली चूक सुधारायची असेल तेव्हा तुमचं काय होतं ते पण सांगा की :)

ढगाळ

घरी जाईपर्यंत चूक तशीच राहते. चारित्र्य घडतं.

रात्रपाळी

राइटफ्रीली अडीच वर्षं चालवलं म्हणून लिहितोय, आधी चांगलं सांगतो. गोमध्ये लिहिलेली एकच बायनरी, एक कॉन्फिगची फाइल, एसक्यूलाइट, संपलं. पुढे कॅडी हा वेबसर्व्हर लावला की एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र तोच आणतो आणि तोच वेळेत नवं करतो, त्यात लक्ष घालावं लागत नाही. १ जीबी म्हणजे त्याला मैदान आहे, मी अर्ध्या जीबीवर चालवत होतो. लिहायचं पान म्हणजे कोरा कागद, तुम्ही प्रेमात पडलात ते उगीच नाही.

आता दुसरी बाजू. फोटो चढवायची सोय त्यात नाही, फोटो दुसरीकडे ठेवून लिंक द्यायची. प्रतिक्रिया नाहीत. आणि मुख्य म्हणजे फेडरेशन एकतर्फी आहे, तुमची पोस्ट बाहेर जाते, पण तिकडे कुणी उत्तर दिलं तर ते राइटफ्रीलीत दिसत नाही. मी पोस्टीत माझ्या मॅस्टोडॉन खात्याचा उल्लेख करायचो म्हणजे लोक तिथे बोलतील, तो जुगाड चालतो पण जुगाडच तो. शिवाय ते पोस्ट पाठवतं आर्टिकल या प्रकारात आणि मॅस्टोडॉन लांब आर्टिकल पूर्ण दाखवत बसत नाही, बहुतेक वेळा शीर्षक आणि लिंक. मला ते बरंच वाटायचं, वाचायचं तर माझ्याकडे या.

आता माती कशी खाल्ली ते सांगतो. बॅकअप घेत होतो बरं का, रोज रात्री, क्रॉनने, डेटाबेसची फाइल सरळ कॉपी करून. चालू एसक्यूलाइटची फाइल अशी नुसती कॉपी करायची नसते हे मला माहीत नव्हतं. त्या क्षणी काही लिहिणं चालू असेल तर अर्धंमुर्धं कॉपी होतं, आणि वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत) असेल तर ताजा मजकूर शेजारच्या फाइलीतच असतो. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची कमांड आहे, नाहीतर व्हॅक्यूम इंटू आहे, ते वापरायचं. मी सर्व्हरची डिस्क भरू दिली, डेटाबेस बिघडला, बॅकअप उघडायला गेलो तर तोही बिघडलेला, त्याच्या आदल्या दिवसाचाही, आणि त्याआधीचे मी जागा वाचवायला उडवलेले. एकदाही परत चढवून बघितला नव्हता. दोष कुणाचा नाही, माझाच.

पोस्टी वाचल्या, कारण चार महिन्यांपूर्वी सहज म्हणून एक्सपोर्ट काढून ठेवला होता आणि बाकीच्या लोकांच्या फीड रीडरमधून मागून आणल्या (ढगाळ यांना इथे एक मार्क). पण फॉलोअरांची यादी गेली. आणि ही गोष्ट आधी कुणी सांगत नाही म्हणून नीट लिहितो. त्यांच्या बाजूला अजूनही दिसतं की ते मला फॉलो करताहेत, बटण तसंच आहे. पण पोस्ट कुणाकुणाला पाठवायची ते माझ्या सर्व्हरला आठवत नाही. मी लिहितोय, त्यांना काहीच जात नाही, आणि त्यांना वाटतंय याने लिहिणं सोडलं. प्रत्येकाने अनफॉलो करून परत फॉलो केलं तरच गाडी सुरू होते, आणि ते त्यांना सांगायचं कसं, कारण तेच तर त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये. मॅस्टोडॉनवर ओळखीच्या लोकांना एकेक करून निरोप टाकले. निम्मे आले असतील.

शाईपुसणी

बापरे. @रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ताच्या आत्ता एक्सएमएल फाइल तीन ठिकाणी कॉपी केली.

राइटफ्रीलीत फोटो आणि प्रतिक्रिया दोन्ही नाहीत म्हटल्यावर मन थोडं उतरलं. घोस्टबद्दल कुणीच बोललं नाही? आणि डोमेन घ्यायला बसलेय तर सुचत नाहीये, तात्पुरतं काहीतरी घेऊन चालू करते, नंतर चांगलं नाव सुचलं की बदलेन, चालेल ना?

जुना खिळा

नाही चालणार! एवढ्यासाठी लॉगिन केलं.

हे सगळे सॉफ्टवेअरवरून भांडताहेत, आणि त्यातलं कुठलंही तुम्ही दोन वर्षांनी बदलू शकाल. डोमेन मात्र नाही. ॲक्टिव्हिटीपबमध्ये तुमची ओळख म्हणजे एक पत्ता असतो, अक्षरशः वेबपत्ता, आणि प्रत्येक पोस्टीची ओळखही तिचा पत्ताच. जगभरच्या सर्व्हरांनी तो आपापल्या डेटाबेसात लिहून ठेवलेला असतो. तुम्ही डोमेन बदललंत की त्यांच्या लेखी तुम्ही वेगळी बाई, नऊ वर्षं नाही तर आजच जन्मलेली. स्थलांतराची एक सोय आहे, मॅस्टोडॉन एका खात्याचे फॉलोअर दुसऱ्याकडे वळवतो, पण त्याला जुना पत्ता जागेवर चालू लागतो, आणि पोस्टी काही बरोबर येत नाहीत. म्हणून फेडरेशन चालू करायच्या आधी डोमेन ठरवा, ब्लॉग मुळावर ठेवायचा की उपडोमेनवर ते ठरवा, आणि फॉलो करायचं नाव काय असणार तेही ठरवा. आठवडा गेला तरी चालेल. नाव सुंदर नसलं तरी चालेल, दहा वर्षांनी सांगायला लाज वाटणार नाही इतपत असलं की पुरे. नूतनीकरण आपोआप होईल असं ठेवा आणि त्याची मेल ज्या खात्यावर येते ते खातं त्याच डोमेनवर ठेवू नका, डोमेन लॅप्स झालं की मेलही बंद पडते आणि मग बसा.

घोस्ट : माझ्याकडे एका ग्रुपसाठी आहे. नोड आणि मायएसक्यूएल ८ लागतं, १ जीबी ही त्यांनीच सांगितलेली किमान मर्यादा आहे, म्हणजे चालेल पण धापा टाकत. ॲक्टिव्हिटीपब त्यात ६.० बरोबर आलं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, पण ती वेगळी सेवा म्हणून बाजूला चालते, म्हणजे अजून एक भांडं चुलीवर. घोस्टचा खरा जोर न्यूजलेटर आणि सभासदांवर आहे आणि घाऊक मेल पाठवायला ते मेलगनच मागतं. तुम्हाला न्यूजलेटर नकोय, मग हा संसार कशाला.

माझं मत वर्डप्रेस. प्रेमापोटी नाही. तुमच्याकडे नऊ वर्षांच्या प्रतिक्रिया आहेत आणि त्या टिकवणं हे तुमच्यासारख्या ब्लॉगसाठी अर्ध्याहून जास्त काम आहे. थीम साधी, प्लगइन दोन किंवा तीन, त्याच्या वर गेलात तर महिन्याच्या तासाचं विसरा.

एक खास आपल्या लिपीचं. वर्डप्रेस देवनागरी शीर्षकाचा पत्ता टक्क्यांच्या चिन्हांत बदलून साठवतो. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह म्हणजे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, प्रत्येक बाइटची तीन चिन्हं, म्हणजे एका चिन्हामागे नऊ. आणि पत्त्याच्या रकान्याला मर्यादा २०० ची. हिशोब करा, बावीस चिन्हं झाली की शीर्षक तुटतं, काना मात्रा वेलांटी सगळं त्यात धरून. 'पावसाळ्यातल्या' मध्येच चौदा गेली. म्हणून पत्ता हाताने रोमन अक्षरांत छोटा लिहायची सवय लावा आणि हे पहिल्या पोस्टीपासून करा, कारण वर म्हटलं तसं, पोस्टीचा पत्ता हीच तिची ओळख.

खटपट्या

आयपीएफएसवर (फाइली अनेकांच्या मशीनवर वाटून ठेवणारं जाळं) टाका ना सरळ, सर्व्हरच नको! खरं विकेंद्रीकरण ते.

जुना खिळा

तिथेही कुणीतरी ती फाइल पिन करून ठेवलेलं मशीन चोवीस तास चालू लागतं, नाहीतर हळूहळू ती कुणाकडेच उरत नाही. ते मशीन कुणाचं? यांचंच. म्हणजे सर्व्हर आला की परत. शिवाय मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला की पत्ता बदलतो, मग त्यावर अजून एक नावाचा थर चढवा. खटपट्या नाव सार्थ आहे तुमचं.

टेकू

@शाईपुसणी, आयात करताना क्रम पाळा. आधी वर्डप्रेस, मग एक्सएमएल, फोटो ओढून घ्यायची खूण करायला विसरू नका (जुना सर्व्हर जिवंत आहे तोवरच हे होणार!), मग प्रत्येक वर्षातल्या दोनचार पोस्टी उघडून बघा, आणि सगळं नीट दिसलं की मगच ॲक्टिव्हिटीपबचं प्लगइन चालू करा. आधी चालू केलंत आणि कुणी फॉलो करून ठेवलं असेल तर आयात करताना नको त्या पोस्टी त्याच्या अंगावर जायची भीती. आणि जुन्या ३४० पोस्टी मॅस्टोडॉनवर तुमच्या प्रोफाइलखाली आपोआप दिसतील असं समजू नका, तिकडचा सर्व्हर साधारणपणे फॉलो केल्यानंतरचंच दाखवतो. मी पहिल्या दिवशी ते रिकामं पान बघून दोन तास सेटिंग शोधत होते.

अजून एक, पोस्ट उडवलीत तर तुमच्याकडून ती उडते आणि बाकीच्या सर्व्हरांना 'उडवा' असा निरोप जातो. बहुतेक ऐकतात. न ऐकणाऱ्याचं आपण काही करू शकत नाही. रात्री बाराला रागात लिहायची सवय असेल तर ड्राफ्टमध्ये ठेवा.

ढगाळ

जुन्या ब्लॉगच्या महत्त्वाच्या पानांचे पत्ते इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही घालून ठेवा. जुना पत्ता तुमच्या ताब्यात नाही म्हणजे रीडायरेक्ट देता येणार नाही, नऊ वर्षांत लोकांनी जिथे जिथे लिंक दिल्यात त्या सगळ्या तुटणार. निदान कुणी शोधायला गेलाच तर सापडेल. आणि जुन्या जागेवर शेवटची पोस्ट टाका, नव्या पत्त्याची, फीडवाल्यांना ती शेवटची संधी.

वर्डप्रेस घेताय तर घ्या, पण वर्षातून एकदा सगळं मार्कडाउनमध्ये काढून ठेवा. तेवढं माझ्यासाठी.

शाईपुसणी

मंडळी, अपडेट देते. डोमेनला सहा दिवस लागले. चौदा नावं लिहिली, आईला वाचून दाखवली, तिने बारा नाकारली, उरलेल्या दोनपैकी एक आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं, त्यामुळे भांडणच मिटलं.

वर्डप्रेसच टाकलं, मुळाशी, उपफोल्डर नाही. आयात दोनदा केली कारण पहिल्यांदा फोटोंची खूण करायला विसरलेच (टेकू, स्पष्ट सांगूनसुद्धा). ३४० पैकी ३३६ आल्या, चार कुठल्या राहिल्या ते शोधायला अर्धा दिवस गेला, त्या शीर्षक नसलेल्या निघाल्या, त्या हाताने टाकल्या. २०१९ च्या एका पोस्टीखालच्या प्रतिक्रियांमध्ये एका वाचकाशी माझं चाललेलं भांडण परत वाचलं, तो बरोबर होता असं आता दिसतंय.

कॅशिंग अजून लावलेलंच नाही, वर्दळच नाही तर कशाला. खरा क्रॉन लावला. बॅकअप रोज रात्री दुसऱ्या मशीनवर जातो, आणि काल @रात्रपाळी यांचं नाव घेऊन तो लॅपटॉपवर चढवून बघितला. पहिल्या वेळी चढला नाही! डेटाबेस आला होता पण फोटोंचा फोल्डर मी बॅकअपमध्ये घेतलाच नव्हता. आता घेतलाय.

फेडरेशन परवा रात्री चालू केलं. सध्या सात फॉलोअर, त्यातली एक मीच आहे, दुसऱ्या खात्यावरून. कालच्या पोस्टीवर मॅस्टोडॉनवरून आलेलं पहिलं उत्तर प्रतिक्रियांमध्ये दिसलं, 'शीर्षकात ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे' असं होतं.

शीर्षक सुधारलं. पत्ता रोमन अक्षरांत आहे म्हणून वाचले.

रात्रपाळी

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला परत चढवून बघा. कॅलेंडरवर टाका, आत्ताच.